हातघडणीचा व्हायोलिनचा गज : घडण समजून घेऊन पारख कशी करावी

वडोदऱ्यात व्हायोलिन शिकणारी मराठी घरे आजही पुष्कळ आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळी, १८८६ मध्ये, गायक मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या गायनशाळेचा वारसा विद्यापीठाच्या रूपाने सूरसागर तलावाच्या काठी अजून चालू आहे, आणि दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्यासमोरून संध्याकाळी जाताना अलंकारांचा रियाझ कानी पडणे हे अपूर्वाईचे नाही. या घरांत वाद्य घेताना दोन-तीन जाणत्यांना विचारले जाते, लाकूड पाहिले जाते, तारा छेडून पाहिल्या जातात; गज मात्र पेटीतून जो येईल तोच पुढे दहा वर्षे चालवला जातो. गायकी अंगाने वाजवणाऱ्याचा सगळा दमसास ज्या वस्तूवर अवलंबून आहे, तिच्याच बाबतीत ही उदासीनता मला नेहमी खटकते.

हातघडणीचा गज घ्यायचा ठरला की दुसरी चूक होते: नजर चांदीवर आणि शिंपल्यावर जाते. गजाची किंमत दांडीत असते, दागिन्यात नसते. म्हणून कारागीर ज्या क्रमाने गज घडवतो, साधारण त्याच क्रमाने तो कसा तपासावा हे पुढे मांडले आहे. तपासणीला फार साहित्य लागत नाही. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, एक व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक मोजपट्टी आणि खिडकीतला सकाळचा उजेड एवढे पुरे. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली गज कधीही पसंत करू नये.

पहिली पायरी : लाकूड

उत्तम गजाची दांडी गेली सव्वादोनशे वर्षे मुख्यतः एकाच लाकडाची होत आली आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक जंगलात वाढणारे हे झाड पर्नाम्बुको या नावाने ओळखले जाते. आपल्याकडे ज्याच्या लाकडापासून लाल रंग काढतात त्या पतंगाचे ते जवळचे नातेवाईक आहे. मध्ययुगात आशियातून युरोपात जाणाऱ्या पतंगाच्या लाकडाला तिकडे ‘ब्रासिल’ म्हणत. पोर्तुगीजांना अटलांटिकपलीकडे तसाच लाल रंग देणारे झाड सापडले, त्यांनी त्याला तेच नाव दिले आणि पुढे त्या झाडावरून देशाचे नाव पडले. म्हणजे रंगाच्या पेठेत आधी आपला पतंग होता. अर्थात नात्यावरून गुण ठरत नाहीत, त्यामुळे पतंगाच्या दांडीकडून पर्नाम्बुकोची अपेक्षा ठेवू नये.

पर्नाम्बुकोत तीन गुण एकत्र येतात. वजनाच्या मानाने ते फार ताठ असते, कंपन सहजी गिळून टाकत नाही, आणि उष्णतेने दिलेला बाक वर्षानुवर्षे धरून ठेवते. त्याची घनता पाण्याच्या आसपास असल्याने काही तुकडे पाण्यात टाकले तर बुडतात. क्रेमोनाचे कारागीर जोव्हान्नी लुक्की यांनी लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजणारे यंत्र तयार केले आणि पुष्कळ कारागीर आता त्याचा आधार घेतात. चांगल्या दांडीत हा वेग सेकंदाला ५,००० मीटरच्या वर जातो. तरीही अनुभवी कारागीर फळी टिचकी मारून ऐकतो आणि हातात वाकवून बघतो, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या निघत नाहीत.

आपण तपासताना दांडी खिडकीशी धरून लाकडाचे रेषे मुठीपासून टोकापर्यंत सलग जातात का ते पाहावे. मध्येच रेषा बाजूने बाहेर पडत असेल किंवा लहानशी गाठ असेल, तर ती जागा पुढे वाकण्याची किंवा मोडण्याची असते. लाकडातील लाटांसारखी नक्षी सुंदर दिसते, पण ताकदीशी तिचा संबंध नाही. रंगावरही भिस्त ठेवू नये, कारण नारिंगी लाकूड रसायनाने गडद तपकिरी करण्याची रीत जुनी आहे. स्वस्त गजावर ‘ब्राझीलवुड’ असे लिहिलेले असते. व्यापारातला हा शब्द सैल आहे, त्याखाली इतर उष्णकटिबंधीय लाकडेही खपतात.

एक कागदोपत्री बाबही येथेच सांगतो. तोडीमुळे हे झाड दुर्मीळ झाल्याने २००७ मध्ये वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याची नोंद झाली. त्यामुळे लाकूड कोणते आहे हे बिलावर लिहून घ्यावे, आणि गज परदेशी नेण्याचा किंवा तिकडून मागवण्याचा विचार असेल तर त्या वेळचे नियम आधी पाहावेत.

दुसरी पायरी : दांडीचे निमुळतेपण

वडोदऱ्याजवळच्या संखेड्याचे खरादी सागवानाचे पाय खरादावर फिरवून त्यावर लाखेचा रंग चढवतात, ते काम पाहिलेल्या माणसाला वाटते की गजाची गोल दांडीही तशीच खरादावर निघत असेल. तसे नाही. फळीवर साच्याने आकृती काढून डोक्यासकट एक काठी करवतीने कापली जाते, ती रंध्याने आधी चौकोनी आणि मग कडा मारून अष्टकोनी केली जाते. काही दांड्या तशाच अष्टकोनी ठेवतात. गोल करायची असेल तर त्या आठ कडा पुन्हा मारून सोळा आणि नंतर गोल. गोल दांडीसुद्धा फ्रॉगखाली, म्हणजे मुठीजवळच्या काळ्या सरकत्या ठोकळ्याखाली, अष्टकोनीच राहते, कारण फ्रॉग तिच्या खालच्या तीन पैलूंवर बसतो.

आजच्या गजाचे रूप पॅरिसच्या फ्रान्स्वा झाविए तूर्त यांनी १७८५ ते १७९० च्या सुमारास पक्के केले. त्यांनी तरुणपणी घड्याळजीकडे उमेदवारी केली होती आणि मापांची ती सवय त्यांच्या दांड्यांत दिसते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे वाद्यकारागीर व्हियोम यांनी तूर्तचे गज मोजले तेव्हा असे आढळले की मुठीकडील पहिल्या ११ सेंटिमीटरपर्यंत दांडी ८.६ मिलिमीटर जाडीची राहते, आणि तेथून डोक्यापर्यंत ती ठरावीक नियमाने उतरत ५.३ मिलिमीटरवर येते. हा उतार सरळ रेषेत नसतो. टोकाकडे तो अधिक झपाट्याने होतो. गजाची एकूण लांबी ७४ ते ७५ सेंटिमीटर असते.

व्हर्निअरने दर दहा सेंटिमीटरवर उभी आणि आडवी अशी दोन मापे घेऊन कागदावर मांडावीत. आकडे वरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळावेत असा आग्रह नको, कारण हलके पण ताठ लाकूड थोडे जाड ठेवावे लागते आणि जड लाकूड बारीक करावे लागते. पाहायचे ते हे की उतार अखंड आहे का. मध्येच जाडी घटून पुढे पुन्हा वाढली, तर कारागिराचा रंधा तेथे घसरलेला असतो, किंवा नंतर कोणीतरी दांडी घासलेली असते. सारंगीचा गज जाड, जड आणि बाहेर वाकलेला असतो. तो हातात धरून बघितला की व्हायोलिनच्या दांडीत किती लाकूड काढून टाकले आहे याची कल्पना येते.

तिसरी पायरी : बाक

गजाचे खरे मर्म येथे आहे, म्हणून या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा.

तूर्तच्या आधीचे बहुतेक गज सरळ किंवा धनुष्यासारखे बाहेर फुगलेले असत. आजच्या दांडीचा बाक केसांच्या दिशेने, आत असतो. केस ताणले की ही दांडी उलट सरळ होऊ पाहते, आणि त्या ओढाताणीतून तारेवर दाब देण्याची ताकद मिळते. बाक देण्यासाठी कारागीर दांडीचा आठ-दहा सेंटिमीटरचा टप्पा कोळशाच्या आचेवर, स्पिरिटच्या ज्योतीवर किंवा गरम हवेच्या झोताने तापवतो. लाकडातील रेष्यांना जखडून ठेवणारा घटक उष्णतेने मऊ होतो, त्याच क्षणी दांडी कामाच्या मेजाच्या काठावर दाबून वाकवली जाते आणि थंड होईपर्यंत धरून ठेवली जाते. मग पुढचा टप्पा. उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचली नाही तर बाक वरवरचा राहतो आणि एखाद्या उन्हाळ्यात उतरतो. जास्त झाली तर लाकूड करपते आणि बारीक तडे जातात. ज्योतीजवळ किती वेळ थांबायचे हे मापाने सांगता येत नाही, ते वासावरून आणि हाताला लागणाऱ्या नरमाईवरून समजते.

घाईच्या कामात दुसरी युक्ती वापरतात: फळीतूनच दांडी वाकडी कापून घेतात. दिसायला बाक मिळतो, पण रेषे वाकलेले नसून कापलेले असतात आणि अशी दांडी पातळ जागी दगा देते. भिंगातून मधल्या भागाची बाजू पाहिली, तर रेषे बाकाबरोबर वळतात की कडेला आपटून संपतात हे स्पष्ट दिसते.

बाक आणि जाडी यांचा मेळ बसवणे हे कसब आहे. जेथे दांडी बारीक आहे तेथे बाक अधिक ठेवला तर टोक कडक होते. मुठीकडे बाक फार दिला तर मधला भाग अस्वस्थ होतो आणि गज तारेवर थरथरतो. म्हणून कारागीर थोडा बाक देतो, थोडे लाकूड काढतो, केसांच्या जागी दोरा ताणून पाहतो, पुन्हा तापवतो. हे येरझार दिवसभर चालते, आणि किंमत लागते ती याच कामाची.

तपासताना दांडीच्या मुठीकडील टोकाचे बटण फिरवून केस पूर्ण सैल करावेत. दांडीचा सर्वांत खोल भाग साधारण मध्यावर केसांना टेकला पाहिजे किंवा टेकण्याच्या बेतात असला पाहिजे. मोठी फट राहिली तर बाक उतरलेला आहे. नंतर वाजवण्याइतका ताण द्यावा. मध्यावर पेन्सिलीच्या जाडीएवढे अंतर पडले की तो पुरेसा होतो, आणि त्या वेळीही दांडी आत वाकलेली दिसलीच पाहिजे. ताण देता देता ती सरळ झाली, तर दांडी कमकुवत आहे किंवा बाक गेला आहे. शेवटी गज बंदुकीसारखा डोळ्याशी धरून बटणाकडून डोक्याकडे पाहावे. सैल असताना आणि ताणल्यावर, दोन्ही वेळा, ती डाव्या-उजव्या बाजूला सरळ राहिली पाहिजे. थोडा तिरकेपणा जाणकार कारागीर उष्णतेने काढून देतो, पिळवटलेल्या दांडीच्या नादी मात्र लागू नये.

चौथी पायरी : डोके

दांडीचे रेषे लांबीच्या दिशेने जातात, डोके मात्र त्यांना काटकोनात खाली उतरते, म्हणजे तेथे रेषे आखूड पडतात. शिवाय केसांची पूर्ण ओढ त्याच नाजूक जागी येते. मोडलेल्या गजांपैकी पुष्कळसे डोक्याच्या मानेवर मोडतात ते यामुळेच. डोके सांधता येते, त्यात आडवी पट्टी बसवून ते वाजण्याजोगेही करता येते, पण गजाची किंमत निम्म्याहून खाली येते. वापरलेला गज घेताना मानेवर भिंग फिरवून केसासारखी रेघ आहे का ते पाहावे आणि डोक्याच्या दोन्ही गालांवर लाकडाचा रंग एकसारखा आहे का तेही तपासावे.

डोक्याचा आकार ही कारागिराची सही असते. कपाळाचा उतार, नाकाचे टोक, मागच्या बाजूला दोन्हीकडे मारलेल्या तिरक्या कडा, हे सगळे पटाशीने, कानशीने आणि चाकूने हाती घडवलेले असते. तिरक्या कडा दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या आणि धारदार असाव्यात. वारंवार पॉलिश केलेल्या गजात त्या बोथट होतात. खालच्या तोंडावर आबनुसाची पातळ पट्टी आणि तिच्यावर हाडाची, चांदीची किंवा कृत्रिम द्रव्याची पांढरी पट्टी बसवतात. पूर्वी ती हस्तिदंताची असे. आपल्याकडील वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, तेव्हा ‘खरे हस्तिदंत’ असे सांगून भाव वाढवणाऱ्यापासून दूरच राहिलेले बरे. ही पट्टी शोभेची नाही. केस अडकवण्यासाठी डोक्यात जी खाच केलेली असते तिच्या भिंती पातळ असतात, त्यांना ती धरून ठेवते.

पाचवी पायरी : फ्रॉग, कडी आणि बटण

फ्रॉग आबनुसाचा असतो. त्याच्या तोंडाशी चांदीची अर्धगोल कडी असते, जी केसांना रुंद, सपाट फितीसारखे पसरवून ठेवते. तूर्तच्या पिढीत स्थिरावलेली ही कडी नसती तर केस दोरीसारखे गोळा झाले असते. चांदीचा पत्रा साच्यावर वाकवून आणि चांदीचाच डाख लावून ती सांधतात. आपल्या सराफ्यातील कारागिराला हे काम दाखवले तर तो सांधा पाहूनच ते हाताचे की साच्यातले हे सांगेल. माझ्या ओळखीच्या एका सोनाराने एकदा माझ्या गजाच्या कडीवर दोन मिनिटांत जे भाष्य केले, ते संगीताच्या दुकानात कोणी केले नव्हते. कडीच्या मागे शिंपल्याची सरकपट्टी असते, बाजूंवर शिंपल्याचा ठिपका किंवा चांदीच्या कड्यात बसवलेला ठिपका असतो. यांनी आवाजात काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो बसणीने. फ्रॉगच्या वरच्या अंगाला धातूची पट्टी लावलेली असते आणि ती दांडीच्या तीन पैलूंना नेमकी चिकटून सरकते. दांडी एका हातात धरून फ्रॉग हलकेच डाव्या-उजव्या बाजूला पिळून पाहावा. तो डुलत असेल किंवा मधून उजेड दिसत असेल, तर वाजवताना केसांची फीत तारेवर कलंडते. आत पोलादाचा स्क्रू आणि तो ज्यात फिरतो तो पितळेचा आटेदार नेढा असतो. पितळ मुद्दाम मऊ ठेवलेले असते, म्हणजे झिजायचे ते स्वस्त भागानेच झिजावे. बटण फिरवताना आटे सरकत असतील तर नेढा बदलून घ्यावा, तो किरकोळ खर्च आहे. मात्र बटणाच्या भोकाभोवती दांडीला चीर असेल तर ती किरकोळ मानू नये.

सहावी पायरी : गुंडाळी, वजन आणि तोल

फ्रॉगच्या पुढे दांडीवर चांदीची तार किंवा रेशीम गुंडाळतात आणि अंगठ्याच्या जागी चामडे लावतात. जुन्या परदेशी गजांवर सरड्याच्या जातीच्या प्राण्यांचे कातडे सापडते. आपल्याकडे घोरपड संरक्षित असल्याने बकऱ्याचे चामडे लावून घ्यावे, ते टिकतेही चांगले. चांदीच्या तारेचे वजन काही ग्रॅम असते, आणि ती काढून रेशीम लावले तर तोल लगेच डोक्याकडे सरकतो. टोक जड वाटणारा गज टाकून देण्याआधी गुंडाळी बदलून पाहावी हे यासाठीच सांगतो.

व्हायोलिनच्या पूर्ण गजाचे वजन बहुधा ५८ ते ६३ ग्रॅमच्या दरम्यान भरते. तोल पाहण्यासाठी गज मोजपट्टीच्या कडेवर आडवा ठेवून तो कोठे स्थिरावतो ते खुणावे. बटण सोडून दांडीच्या मुठीकडील टोकापासून ही जागा साधारण २४-२५ सेंटिमीटरवर येते. वजन आणि तोल या दोन्हींत मी तोलाला अधिक महत्त्व देतो. ६३ ग्रॅमचा चांगल्या तोलाचा गज ५९ ग्रॅमच्या टोकजड गजापेक्षा हाताला हलका लागतो.

सातवी पायरी : केस

पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस एका गजाला लागतात. ते विंचरून, लांबीला सारखे करून दोऱ्याने बांधतात, गाठीच्या टोकाला राळ लावून चटका देतात, आणि डोक्यातील व फ्रॉगमधील खाचांत लाकडाच्या छोट्या पाचरांनी अडकवतात. कडीखाली तिसरी पातळ पाचर केस पसरवते. पाचर डिंकाने चिकटवलेली नसावी, कारण पुढच्या वेळी ती काढताना खाचेची भिंत फुटते. कडीतील पाचर काढता येईल इतपत थोडा सरस काही कारागीर लावतात, तेवढे चालते.

आपल्या गावी केसांचे खरे वैरी हवामान आहे. पावसाळ्यातील दमट हवेत घोड्याचे केस लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. ऑगस्टमध्ये बसवलेले केस कारागिराने तेव्हा अगदी ताठ केले, तर पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या मे महिन्यात ते एवढे आखडतात की बटण पूर्ण सैल करूनही दांडी मोकळी होत नाही. मी एकदा उन्हाळ्यात रियाझ संपल्यावर गज ताणलेलाच पेटीत ठेवला आणि पेटी गच्चीच्या खोलीत राहिली. चौथ्या दिवशी डोके मानेपाशी मोडलेले मिळाले. तेव्हापासून केस बसवायला देताना ‘उन्हाळ्यासाठी थोडी लांबी ठेवा’ असे स्पष्ट सांगतो. ज्यांना जमेल त्यांनी केस दिवाळीनंतर, हवा ना दमट ना तापलेली अशा वेळी, बदलून घ्यावेत.

आठवी पायरी : वाजवून पाहणे

मापे जुळली तरी निर्णय तारेवर होतो. पं. गजाननराव जोशी, पं. व्ही. जी. जोग किंवा पं. डी. के. दातार यांचे वादन ज्यांनी कानात साठवले आहे त्यांना सांगायला नको की आपल्या पद्धतीत एकाच गजात लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे), ठहराव आणि आस (स्वराचा रेंगाळणारा नाद) सांभाळावी लागते. म्हणून प्रथम मंद्र षड्जावर, घड्याळ पाहत, मुठीपासून टोकापर्यंत पंधरा सेकंदांचा एकच संथ गज ओढावा. मध्याच्या आसपास आवाज कापत असेल तर बाक आणि जाडी यांचा मेळ चुकलेला आहे. टोकाशी पोहोचल्यावर आवाज विरळ होत असेल तर टोक मऊ आहे. नंतर टोकावरच दोन स्वरांची मींड घ्यावी, आणि गज उलटताना सांधा ऐकू येतो का ते पाहावे. शेवटी द्रुत लयीत छोट्या गजाने तान आणि झाला वाजवावा. चांगली दांडी तेथे बोटांच्या आधी परत येते, ढिली दांडी मागे रेंगाळते. हे सर्व आपल्याच वाद्यावर करावे, आणि शक्य असल्यास गज तीन-चार दिवस घरी आणून करावे. पहिल्या दिवशी नवा गज नेहमीच गोड लागतो.

दांडीवर फ्रॉगच्या वर कारागिराचे नाव ठोकलेले असते. त्याकडे मी सर्वांत शेवटी पाहतो. तूर्त स्वतः आपल्या गजांवर क्वचितच नाव ठोकत, आणि ‘तूर्त’ असा शिक्का असलेले जर्मन कारखान्यांतील असंख्य गज मात्र जगभर फिरत आहेत. आजोबांच्या पेटीत असा गज सापडला म्हणून स्वप्ने रंगवू नयेत. वर सांगितलेल्या सातही पायऱ्या त्यालाही लागू आहेत.

घेतल्यानंतर

रियाझ संपला की केस सैल करावेत आणि दांडीवरची राळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. स्पिरिट दांडीला लावू नये, पॉलिश निघते. केसांच्या फितीला बोटे लावू नयेत, घामाचा तेलकटपणा राळ धरू देत नाही. उन्हाळ्यात गाडीत पेटी ठेवून दुकानात जाण्याचा मोह टाळावा, कारण बंद गाडीतील उष्णता कारागिराने दिलेला बाक उतरवायला पुरेशी असते.

बरेच महिने न उघडलेल्या पेटीत एखाद्या दिवशी केस कातरल्यासारखे तुटलेले दिसतात. ती कसर असते. लोकरी कपडे खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या घोड्याचे केसही खातात आणि अंधार त्यांना मानवतो. गज बाहेर काढून जुने केस कापून टाकावेत, पेटीचे अस्तर कोपऱ्यांसह झटकून तिला दोन दिवस कडक ऊन दाखवावे, गजाला मात्र दाखवू नये, आणि पेटी पूर्ण स्वच्छ झाल्यावरच नवे केस बसवायला द्यावेत.